नकाशाबाहेरची गिरणी

"खारघरला जायला आता परवानगी लागणार," दीनानाथ म्हणाले आणि त्यांनी मोबाईल मुलाच्या नाकासमोर धरला. "वाच. घरापासून पंधरा मिनिटांच्या पलीकडे गेलास की कॅमेरा फोटो काढणार आणि दंड थेट खात्यातून कापणार."

वरदने वाचलं नाही. "बाबा, फुटपाथ करतायत. फुटपाथ. दवाखाना, शाळा, भाजी, बँक चालत जाण्याइतकं जवळ असावं, एवढंच आहे त्या नव्या आराखड्यात. कोणी कोणाला कोंडत नाहीये."

"सुरुवात फुटपाथनेच होते."

दीनानाथ तळोज्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले होते. नोकरीभर त्यांनी देशाच्या कानाकोपऱ्यात रसायनांचे ड्रम रवाना केले आणि स्वतः कुठेही गेले नाहीत. दिवाळीपासून तर ते सोसायटीच्या गेटबाहेरही पडले नव्हते. पण पडू देणार नाहीत असं कळल्यापासून त्यांचं रक्त उसळत होतं. वरद रविवारी 'चालतं पनवेल' नावाच्या गटाचं काम करायचा. गटाच्या बैठकीला तो गाडीने जायचा, कारण वाटेत फुटपाथ नव्हता.

हा वाद घरात महिनाभर चालू होता. चहा दोन्ही बाजूंना सारखाच मिळत होता, कारण तो कुमुद करत होती. आत्ता ती ओट्याशी उभी राहून गव्हाचा डबा पिशवीत बसवत होती.

"तू कुठे निघालीस?" दीनानाथांनी विचारलं.

"दळण."

"आई, खाली गिरणी आहे," वरद म्हणाला. "ए विंगच्या खाली. लिफ्टचं दार उघडलं की गिरणी."

"एवढं वजन घेऊन, दोन रिक्षा बदलून, जुन्या पनवेलला जायचं काही अडलंय का?" हे दीनानाथ म्हणाले, फिरण्याच्या स्वातंत्र्याचे कैवारी.

महिनाभरात बापलेकांचं एकमत झालेला हा एकमेव मुद्दा होता.

"खालचा पीठ फार गरम करतो," कुमुद म्हणाली आणि चपला घातल्या.

दत्ताची गिरणी जुन्या पनवेलात, तळ्यामागच्या गल्लीत होती. कुमुद पूर्वी त्याच गल्लीत भाड्याने राहायची. पुढे विचुंब्याकडे फ्लॅट घेतला, सगळं सामान टेम्पोत घालून नेलं. दळण तेवढं मागे राहिलं.

गिरणीवर गव्हावर गहू आणि तांदळावर तांदूळ असा नियम. धान्य बदललं की पहिल्या डब्यात आधीचं पीठ थोडं मिसळतं, त्यामुळे बदलानंतरचा पहिला नंबर कोणालाच नको असतो. बायका एकमेकींना "तुम्ही व्हा ना पुढे" म्हणत इतका आग्रह करतात की लग्नात जिलबी वाढताना होत नसेल. कुमुदचं वेगळं होतं. धान्य बदललेलं असो की नसो, नंबर आला की ती मागे सरकायची.

शनिवारी हटकून भेटणाऱ्या भीमाबाईने हे हेरलं होतं. ती जवळच्या गावातून भाकरीचे तांदूळ घेऊन यायची.

"काकू, तुमाला घरी काम नाय का?"

"आहे की."

"मंग?"

"म्हणून तर."

भीमाबाई हसली आणि बाकावर सरकून बसली. दोघी तासन् तास शेजारी बसायच्या आणि बोलायच्या फारच थोडं, कारण ऐकूच यायचं नाही. पट्टा फिरायला लागला की फोन वाजलेला कळत नसे. कोणी हाक मारली तर ओठ हलताना दिसत, तेवढेच. बाकावर बसलेल्या बाईला 'हिरवा टॉवेल कुठे ठेवलास?' असं विचारायची सोय कुमुदच्या जगात या एकाच ठिकाणी नव्हती. तिथे ती कोणाची आई नव्हती, बायको नव्हती. ती फक्त डब्याच्या मागची बाई होती, आणि डब्याला घाई नव्हती.

पुढच्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये आराखड्यावर लोकांची मतं घ्यायला बैठक झाली. एक गृहस्थ म्हणाले, सगळे चालायला लागले तर पार्किंगचं काय? दुसरे म्हणाले, पार्किंगपर्यंत चालत जायला तरी फुटपाथ हवाच. दोघांनाही टाळ्या पडल्या. मग दीनानाथ उठले.

"मी स्वतंत्र देशाचा नागरिक आहे. उद्या माझ्या मनात आलं तर मी अलिबागला जाईन!"

"जाऊन या ना काका," मागून कोणीतरी म्हणालं. "कधी निघताय?"

दीनानाथ बसले.

हॉलच्या कोपऱ्यात एका टेबलावर परिसराचा मोठा नकाशा अंथरला होता. आराखड्याचं काम करणारी किशोरी नावाची मुलगी प्रत्येकाला एकेक रंगीत टिकली देत होती. आपल्याला लागणारी जागा कुठे असावी, तिथे टिकली लावायची. बहुतेकांनी आपल्याच बिल्डिंगवर लावली होती. एका आजोबांनी दवाखाना दुसऱ्या मजल्यावर मागितला होता.

कुमुदने टिकली बोटावर घेतली. नकाशावर आपली बिल्डिंग शोधली, तिथून बोट रस्त्यारस्त्याने नेलं, रेल्वे ओलांडली, आणि कागद संपल्यावर थोडं पुढे टेबलक्लॉथवर टिकली दाबून बसवली.

"काकू, नकाशा इथे संपतो," किशोरी म्हणाली.

"हो, दिसतंय."

"काय हवंय तुम्हाला तिथे?"

"गिरणी."

"अय्या, पण गिरणी तर तुमच्या बिल्डिंगखालीच आहे!"

"ती असू दे. ही पण असू दे."

किशोरी गोड मुलगी होती. काकूंचा चष्मा बदलायला झाला असावा, असं तिला वाटलं. तिने नखाने टिकली अलगद सोडवली आणि काकूंना त्रास न देता ए विंगवर लावून टाकली. कुमुदने ते पाहिलं. ती बाजूला सरकली. मागे रांग होती.

वरदने लांबून 'गिरणी' एवढाच शब्द ऐकला, ए विंगवरची टिकली पाहिली आणि त्याला भरून आलं. आईने इतक्या वर्षांत कधी काही मागितलं नव्हतं. त्या टिकलीवरून त्याच्या लक्षात आलं की आईला गिरणी हवी आहे, आणि चांगली जवळ हवी आहे.

आठवड्याभरात घरघंटी आली. फ्रिजच्या शेजारी, कपाटाएवढी, दारावर फुलांचं चित्र.

"आई, शून्य मिनिटं!" वरद म्हणाला.

"आता कोणी रस्ते बंद केले तरी आपलं काही अडत नाही," दीनानाथ समाधानाने म्हणाले. ते वेढ्याच्या तयारीला लागले होते.

"छान आहे," कुमुद म्हणाली, आणि ते खरं होतं. पीठ मऊ यायचं. गरम म्हणावं तर तेही फारसं होत नव्हतं, त्यामुळे तक्रारीला जागा उरली नाही. दार बंद केलं की आवाजही इतका कमी, की हिरव्या टॉवेलची चौकशी घरभर स्वच्छ ऐकू यायची.

पहिल्या शनिवारी ती अंघोळ करून, बाहेर जायची साडी नेसून सोफ्यावर बसली.

"कुठे निघालीस?"

"कुठे नाही."

दुसऱ्या शनिवारीही ती तशीच बसली. वरद शेजारी येऊन बसला. "आई, तुला फिरायला जायचं असेल तर जा ना. कोणी अडवलंय का?"

कोणीच अडवलं नव्हतं. गेट उघडं होतं, कॅमेरा फक्त लिफ्टमध्ये होता आणि त्यात सगळ्यांची टाळकी तेवढी दिसायची. पण 'जाऊन येते' म्हणायला कुमुदच्या हातात नेहमी काहीतरी असायचं. भाजीची पिशवी, फॉलला द्यायची साडी, आजारी माणसासाठी डबा. आपण उगाच निघालो आहोत, असं तिने घरात कोणाला कधी सांगितलं नव्हतं. ते कसं सांगतात, हे तिला ठाऊकच नव्हतं. दीनानाथ न जाता सांगू शकत होते. तिला सांगितल्याशिवाय जावं लागत होतं, आणि त्यासाठी डबा लागत होता.

तिसऱ्या शनिवारपर्यंत घरातले सगळे गहू दळून झाले होते, तरी तिने डबा भरला. बापलेक बाल्कनीत सायकल ट्रॅकवरून भांडत होते.

जुन्या पनवेलच्या गिरणीत दत्ताने झाकण काढलं आणि सवयीने आत हात घातला. हात पांढरा होऊन बाहेर आला.

"काकू, हे पीठ आहे."

"हो."

"दळलेलं."

"हो."

"मग मी काय करू याचं?"

कुमुदने रिक्षात याचं चांगलं उत्तर तयार केलं होतं. ते आता आठवेना. "जरा जाडसर वाटतंय," ती म्हणाली.

दत्ताने चिमूटभर पीठ बोटांत चोळलं. तान्ह्या बाळाला लावावं इतकं ते मऊ होतं. भीमाबाई बाकावरून उठली. तिने डब्यात पाहिलं, कुमुदच्या इस्त्रीच्या साडीकडे पाहिलं, आणि मग स्वतःही चिमूट घेऊन चोळली.

"जाडंच हाय रं," ती दत्ताला म्हणाली. "पोली फाटंल त्याची."

दत्ता दोघींकडे आळीपाळीने पाहत राहिला.

"पुन्हा घातलं तर उडेल सगळं."

"उडू दे," कुमुद म्हणाली.

"आणि आज गर्दी आहे. वेळ लागेल." गिरणीत भीमाबाईचा एक डबा सोडला तर दुसरा नव्हता.

"लागू दे."

भीमाबाईचे तांदूळ दत्ताने कधी नव्हे इतक्या सावकाश दळले. ती गेल्यावर त्याने तोंडाला रुमाल बांधला आणि कुमुदचा डबा वरच्या तोंडात रिकामा केला. पीठ खाली यायच्या आधी हवेत गेलं. ते कॅलेंडरवर बसलं, वजनकाट्यावर बसलं, दत्ताच्या भुवयांवर बसलं. कुमुदच्या केसांवर बसलं, तेव्हा तिने पदर डोक्यावर घेतला नाही. तळहात मांडीवर उताणे ठेवून ती पट्ट्याकडे पाहत बसून राहिली.

बऱ्याच वेळाने दत्ताने पट्टा थांबवला आणि निम्मा उरलेला डबा पुढे केला. कुमुद उठली. सगळा बाक पांढरा झाला होता. ती बसली होती तेवढीच जागा लाकडाच्या रंगाची राहिली होती.