गोलकीपरची तोंडी परीक्षा

आमचा बारक्या सव्वासहा फूट उंच आणि देशाचा गोलकीपर आहे. घरातलं शेंडेफळ, म्हणून नाव चिकटलं ते चिकटलं. त्याला डॉक्टरेट मिळणार की नाही, याचा निकाल त्या दिवशी विद्यापीठातल्या एका कोंदट खोलीत लागायचा होता, आणि मला कुठल्याही सामन्यापेक्षा त्याचीच धास्ती होती. लोकांनी तर आधीच ठरवून टाकलं होतं की एवढा मोठा खेळाडू, प्रबंध दुसऱ्याच कुणीतरी लिहून दिला असणार. असल्या लोकांना मी विचारते, सुट्टीच्या दिवशी तुम्ही काय दिवे लावता? हा कर्णबधिर मुलींच्या शाळेत जाऊन फुटबॉल शिकवतो. प्रबंधही त्यावरच होता: ज्यांना हाक ऐकू येत नाही, त्या मैदानात एकमेकींना कसं सांगतात.

पदवीची इच्छा बाबांची. कारखान्यात पत्र्याचा प्रेस चालवून त्यांचे कान गेले होते. "टाळ्या ऐकू येत नाहीत, पदवी निदान वाचता तरी येईल," म्हणायचे. ती वाचायला ते राहिले नाहीत.

समोर परीक्षक, त्यांच्या शेजारी बारक्याच्या मार्गदर्शक बाई. मागच्या रांगेत मी, आई आणि तो शिकवतो त्या शाळेतल्या चार मुली. पहिला प्रश्न आला, उत्तर बाईंनी दिलं. दुसऱ्यालाही त्यांनीच. मायेपोटीच, पण परीक्षकांच्या कपाळावर आठ्या पडल्या. मला बाईंचं तोंड शिवून टाकावंसं वाटलं. तिसऱ्या प्रश्नाला बाई तोंड उघडतात तोच बारक्या खुर्चीतून उठला, पंजा उघडून हात वर केला आणि ओरडला, "माझा!"

चेंडू घ्यायला धावताना गोलकीपर असंच ओरडतो, म्हणजे बाकीच्यांनी बाजूला व्हावं. बाई मागे सरकून बसल्या. मागे चारही मुली, ज्यांना ओरडणं ऐकूच आलं नव्हतं, नुसता हात पाहून उठल्या आणि भिंतीला जाऊन टेकल्या.

"या का उठल्या?" परीक्षकांनी विचारलं.

"हाच तो इशारा, सर. चौथं प्रकरण," बारक्या ओशाळून म्हणाला, आणि मग असा बोलत सुटला की बाईंनी आपलं पेन बंद करून ठेवलं.

"हे ठीक आहे," परीक्षक शेवटी म्हणाले. "पण हा इशारा मूळ कुणाचा? बाकी सगळ्याचा संदर्भ दिलाय, याचा नाही."

पेनल्टीला न डगमगणारा माणूस घाम पुसायला लागला. स्वतःचा म्हणून सांगितला असता तर निभावलं असतं, पण खोटं त्याला पचत नाही. "माहीत नाही, सर," तो म्हणाला. "लहानपणापासून येतो."

माझ्या शेजारून आई उठली.

"माझा," ती म्हणाली. "याच्या वडिलांना ऐकू येईनासं झालं, तेव्हा जेवायला बोलवायचं तर दारातून मी असाच हात करायचे. दिसला की हातातलं टाकून उठायचे."

परीक्षकांनी आईकडे बघत चष्मा काढला. "एवढी एक तळटीप घाला," ते बारक्याला म्हणाले. "बाकी माझी मंजुरी आहे."

मला रडू कोसळलं. बारक्या तिथेच वाकून लिहायला लागला. आई त्याच्यामागे जाऊन उभी राहिली.

"यांचंही नाव घाल," ती म्हणाली. "हात मी करायचे, पण बघायचे तेच ना."