उकळत्या सुपात विरलेला महिना

मित्रांनो, मी औषधाची एक जुनी तपकिरी बाटली आहे. माझी गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, याची शंकाच वाटते. तरी प्रयत्न करते.

माझ्या पोटात जे भरलं गेलं, त्याचा जन्म मी फळीवरून पाहिला. कारखान्यातल्या बाई कोंड्यावर बुरशी वाढवत, तिचा अर्क गाळत, क्षार घालून साका, म्हणजे तळाशी बसणारा गाळ, धरत आणि तो साका पुन्हा विरघळवून उभ्या काचनळीतून थेंब थेंब उतरवत. शेवटी उरे ते चरबी पचवणारं विकर, म्हणजे एन्झाइम, शुद्ध. हे सगळं थंड खोलीत चाले, कारण उष्णतेने ते बिघडतं. बाईंची बोटं बधिर होत.

एकदा सहकारी म्हणाला, "बाई, घटकाभर बाहेर उन्हात ठेवलं तर?"

"मग तुमचं डोकंही ठेवा शेजारी. तेवढीच ऊब घेईल."

त्या विकराची वाळवून पूड केली, कॅप्सूलमध्ये भरली आणि मी दवाखान्याच्या औषधखिडकीत आले. तिथून मला एका काकूंनी नेलं. त्यांचे यजमान शिंपी होते. त्यांचं स्वादुपिंड निकामी झालं होतं, खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. वजन त्रेचाळीस किलो. पंचेचाळीस झालं तरच ऑपरेशन होणार होतं.

"साहेब, यांना कॅप्सूल गिळवत नाही. उघडून दिली तर चालेल?" काकूंनी विचारलं होतं.

"चालेल. जेवणाबरोबरच द्या. पुढचे!" औषधवाला म्हणाला.

"पण कशात..."

"अहो काकू, गप्पा घरी मारा! आमचे पाय मोडले उभं राहून," रांगेतून कुणीतरी ओरडलं. काकू ओशाळून बाजूला झाल्या.

घरी त्या माझं झाकण उघडत आणि पूड उकळत्या सुपात ढवळत. मला ओरडता आलं असतं तर!

शिंपीकाका टेपनं स्वतःची कंबर मोजत. "आता माझे कपडे लहान मुलांच्या मापाने बेतावे लागणार," ते हसत. काकू हसत नसत.

महिन्याने वजन चाळीस भरलं. काकू पुन्हा खिडकीशी गेल्या. या वेळी औषधवाल्याने विचारलं, "कशात देता?"

"सुपात. चांगली उकळी असतानाच, म्हणजे नीट विरघळतं."

त्याने पेन खाली ठेवलं. "काकू, उकळीने ते मरतं. कोमट झालेल्या किंवा गार खाण्यात द्यायचं."

"म्हणजे महिनाभर मी यांना नुसती पूडच चारली?"

"चूक माझी आहे. मी विचारायला हवं होतं."

त्यानंतर काकू सूप निवू देत. काकांचं वजन एक किलोने वाढलं. पण अंगातली ताकद आधीच सरली होती. ऑपरेशनची वेळ आलीच नाही. एका दुपारी ते गेले.

उरलेल्या कॅप्सूल कुणाच्या तरी कामी याव्यात म्हणून काकू मला परत घेऊन आल्या. उघडलेली बाटली दुसऱ्याला देता येत नाही, हे सांगताना औषधवाल्याला त्यांच्याकडे बघवेना. कॅप्सूल त्याने नियमाप्रमाणे नष्ट करायला पाठवल्या. मला मात्र धुऊन आपल्या बाजूला ठेवलं. आता तो प्रत्येकाला विचारतो, "कशात देता? केव्हा देता? मला करून दाखवा."

रांग फार कुरकुरते. मित्रांनो, तिला कुरकुरू द्या. तुमचा प्रश्न अर्धा राहिला असेल, तर खिडकी सोडू नका.