आठ माईक आणि रखमाबाईंचे धवले

लग्नात आठ बायका आठ माईकवर गाणार, असं कोणी सांगितलं की साउंडवाला कपाळाला हात लावतो. आठही माईक उघडे ठेवले तर स्पीकर शिट्टी मारतात. शिवाय भांडी, पोरं, कोणाच्या तरी मामांचा खोकला, सगळं आत येतं. बंद ठेवावेत तर नेमकी जी गायला लागते तिच्याच माईकपर्यंत बोट वेळेवर पोचत नाही. डोंबिवलीत बत्तीस वर्षं हा धंदा करतोय, पण देवाने मलाही दोनच हात दिलेत.

म्हणून यंदा मी ऑटोमिक्सर घेतला. जी गाते तिचा माईक तो आपणहून वर घेतो, बाकीच्यांचे खाली करतो. सगळ्यांचा मिळून आवाज तेवढाच राहतो, त्यामुळे शिट्टी नाही. पडद्यावर आठ हिरवे दिवे, जिचा माईक उघडला तिचा दिवा पेटतो. भेटेल त्याला मी त्याचं कौतुक ऐकवत होतो. घरात तर मी "मिक्सर" म्हटलं की बायको टीव्हीचा आवाज वाढवायची.

लग्न कोलशेतला, आगरी घरात. नवरी सान्वी वागळे इस्टेटमध्ये नोकरीला, आणि तिची आजी रखमाबाई गावची धवलारीण, म्हणजे लग्नाचे विधी गाण्यांतून लावणारी बाई. ती गाणी म्हणजे धवले. रखमाबाई एक ओळ म्हणणार, बाकीच्या सात जणी ती उचलणार. गावातल्या तीन पिढ्यांची लग्नं तिने अशी लावली, आणि यातलं काहीही कुठे लिहिलेलं नाही.

सकाळी माईक तपासायला बायका अर्धगोलात बसल्या. एक नंबरला रखमाबाई. तिच्या खांद्याला खांदा लावून दोन नंबरला तिची सून हेमा, नवरीची आई. म्हातारीने माझ्या मिक्सरकडे निरखून पाहिलं.

"तुजे पेटीला कलतं का, कोन गातंय तं?"

"बरोब्बर कळतं, आजी."

"बग हां," म्हणाली आणि गायला लागली.

आवाज खणखणीत होता. मंडपातले स्पीकर अजून सुरू केले नव्हते, मी नुसता पडदा बघत होतो. तिथे काहीतरी घोळ दिसला. बहुतेक ओळींना रखमाबाईच्या आधी दोन नंबरचा दिवा पेटत होता. मी वायर बदलली, माईक बदलला, तरी तेच. एवढी टिमकी वाजवली आणि पहिल्याच मोठ्या कामात या डबड्याने मला तोंडघशी पाडलं म्हणून माझं डोकं सणकलं. शेवटी हेडफोन चढवला आणि दोन नंबर एकटा ऐकला.

मिक्सर बरोबर होता. सात जणींनी ओळ उचलून संपवली की रखमाबाई श्वास घ्यायची, आणि तेवढ्या फटीत हेमा पुढच्या ओळीचे पहिले दोन शब्द कुजबुजायची. ओठ जेमतेम हलायचे. म्हातारी ओळ सुरू करायची तोवर हेमा गप्प झालेली असायची. दहा फुटांवर बसून मला यातलं काही दिसलं नव्हतं.

तपासणी संपल्यावर मी हेमाला बाजूला बोलावलं. "ताई, तुम्ही त्यांना शब्द सांगता?"

तिचा चेहरा पांढरा पडला. "दादा, कुनाला बोलू नका. आयला आता शब्द आठवत नाय. दोन वरसं झाली."

"त्यांना माहीत आहे?"

"नाय. तिला वाटतं, तिलाच आठवतं." तिने मागे वळून पाहिलं. "मुलाकडच्यांनी त्यांची धवलारीन आनलीय. आय मधीच अडली तं ती पुढं सुरू करल. घरच्या लग्नात असं झालं तं आय परत कंदी तोंड उघडनार नाय."

आता माझी पंचाईत झाली. ऑटोमिक्सरला लाजलज्जा नाही. सगळे गप्प असताना एकटी हेमा कुजबुजली, की तो सगळा आवाज तिलाच देणार आणि तिचा शब्द न् शब्द चारशे माणसांना ऐकवणार. नुसता दोन नंबर बंद करूनही भागणार नव्हतं, कारण त्या इतक्या चिकटून बसल्या होत्या की कुजबुज एक नंबरमध्येही शिरत होती. ज्या गुणांचं मी गावभर कौतुक केलं, तेच म्हातारीच्या मुळावर आले होते.

मी ऑटो बंद केला आणि फेडरवर, म्हणजे एकेका माईकचा आवाज वर-खाली करायच्या खटक्यांवर, बोटं ठेवली, बत्तीस वर्षं ठेवत आलो तशी. फेडर खाली असला तरी हेडफोनमध्ये माईक ऐकू येतो. म्हणजे ओळ संपली की सगळे फेडर खाली, कानात हेमाची कुजबुज, ती संपताक्षणी रखमाबाईचा फेडर वर. क्षणभर आधी झालं तर गुपित बाहेर, क्षणभर उशीर झाला तर पहिला शब्द गेला.

दोन तास हे चाललं. पहिल्या अर्ध्या तासात माझा शर्ट भिजला, आणि नंतर मी घाबरायचंच विसरलो, कारण कानात जे ऐकत होतो ते मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. हेमाचा एकही शब्द सासूच्या शब्दावर पडला नाही. कुठली ओळ अडणार आणि कुठली येणार, हे तिला म्हातारीच्या श्वासावरून कळत होतं. जी येणार असेल तिथे ती गप्प राहायची. माझा मिक्सर आवाज आल्यावर दिवा लावतो. या बाईला तो येण्याआधी समजत होता. असं काम दोन वर्षं, मांडवामांडवांत, कोणाला पत्ता लागू न देता! बाईपुढे दंडवत घालावा असं वाटलं, पण बोटं फेडरवर अडकलेली.

शेवटी पाठवणीचा धवला आला. सान्वी आजीच्या पाया पडली, मग आईच्या. सात जणींनी ओळ संपवली. मी फेडर खाली घेतले आणि कुजबुजीची वाट पाहिली.

कुजबुज आली नाही. हेडफोनमध्ये नुसता हुंदका. हेमाने पदर तोंडात कोंबला होता. रखमाबाई थांबली. मंडप थांबला. मुलाकडच्या धवलारणीने मान वर केली आणि घसा साफ केला. मला त्या धवल्यातला एक शब्दही येत नव्हता. आला असता तर मी लाज सोडून ओरडलो असतो.

तेवढ्यात एक नंबरमधून, अगदी हळू आवाज आला. तो माझ्याशिवाय फक्त हेमाला ऐकू गेला.

"रड तू. तुजी पोर चाललीय. दोन वरसं तू मना शब्द दिलंस. ह्यो मना येतो."

मी फेडर विसरूनच गेलो. रखमाबाईने ओळ सुरू केली तेव्हा फेडर खालीच होता. ती ओळ माईकशिवाय मंडपात गेली, आणि पार मागे पानं मांडणाऱ्या बायकांनी हातातली पानं ठेवून ती उचलली. मी फेडर वर नेला नाही. हेमा सासूच्या खांद्यावर डोकं टेकून मोकळेपणी रडत होती, आणि म्हातारी तिच्या पाठीवर हात फिरवत तो धवला शेवटपर्यंत स्वतःच्या आठवणीने गायली.