अर्धा स्लॅब

"शेवंता, पानी मारं का?" खालून गिरधर ठेकेदार ओरडला.

"मारं, भाऊ," शेवंताबाईने वरून उत्तर दिलं. ती खोटं बोललीच नव्हती. धुळ्यात गिरधरचं नवं घर उठत होतं. त्याच्या स्लॅबवर तिने पाणी मारलं होतं, पण अर्ध्यावरच. देवघराकडचा अर्धा भाग अडुसष्ट सालच्या वैशाखात कोरडा तापत होता. वर सगळीकडे गोणपाटं अंथरलेली, आणि एवढं पोट घेऊन गिरधर कुठली शिडी चढतोय!

तीन वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका शाळेचा छज्जा पडला. ठेका गिरधरचा होता, गवंडी होता शेवंताबाईचा नवरा, वना. डिझेल वाचवायला गिरधरने पाण्याचा पंप तिसऱ्याच दिवशी बंद केला होता. चौकशीत मात्र त्याने खुशाल सांगितलं, वनाने सिमेंट विकून खाल्लं. ओव्हरसियर शालिग्रामसाहेबांनी तेच लिहून नेलं. पुन्हा कोणी वनाला थापी धरू दिली नाही. चोर म्हणवून घेत तो खंगून मेला. तेव्हापासून शेवंताबाईच्या काळजात आग होती, आणि तिला ती विझवायची नव्हती.

वना नेहमी म्हणायचा, "शिमीट वाळीसन घट्ट नही व्हत. पानी पीसन व्हस. एकवीस दिन पाजनं पडस."

वाळून नव्हे, पाणी पिऊन सिमेंट घट्ट होतं हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तिने पाणी मारायचं हे काम मागून घेतलं. चोराच्या बायकोला गिरधरने उपकार केल्यासारखं ठेवलं.

एकविसाव्या दिवशी स्लॅबखालचं सेंट्रिंग, फळ्या आणि टेकू, काढायचं होतं. नारळ फोडायला गिरधरचे भाऊबंद जमले, शालिग्रामसाहेबही आले.

"टेकू काढू नका," शेवंताबाईने हाक मारली. "पहिले वर या, साहेब."

सगळे चढले. गिरधरलाही ढकलत वर नेलं. तिने गोणपाटं ओढून काढली. ओल्या अर्ध्यावर साहेबांनी हातोडी मारली, ती टणकन उडाली. कोरड्या अर्ध्यावर भेगांचं जाळं होतं. खिळ्याने ओरखडताच पीठ निघालं.

"भाऊ, शिमीटन्या गोन्या कोनी मोज्यात?" शेवंताबाईने विचारलं.

"मीच," गिरधर पुटपुटला. माल कालवताना तो खुर्ची टाकून बसला होता.

"शिमीट एक, रेती एक, गवंडी एक. पानीच अर्धाले नही भेटनं. सांगा साहेब, मना धनी चोर व्हता का?"

शालिग्रामसाहेबांनी घाम पुसला. "नाही," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "वना चोर नव्हता. माझं चुकलं."

गिरधरने बादली उचलून कोरड्या बाजूवर ओतली. दुसरी ओतली. पाणी भेगांतून खाली टपकलं.

"आते बठ्ठी तापी ओत, भाऊ," शेवंताबाई म्हणाली. सगळी नदी ओतली तरी तो अर्धा आता घट्ट होणार नव्हता. तिला फार बरं वाटलं.

मग तिने आपली घागर उचलली आणि ओल्या अर्ध्यावर सावकाश रिकामी केली. एकविसाव्या दिवसाचं पाणी मारायचं राहिलं होतं.