उंबऱ्याबाहेरची अंगठी

उंबऱ्यावर

लपाखीने अंगठी पुढे केली. काळ्या दगडाची, जाड, घासून घासून चकचकीत झालेली.

"घाल."

नतेमखरची धनुष्याची दोरी ओढायची जुनी अंगठी उत्तरेच्या लढाईत तडकली होती. तसा निरोप आला त्या दिवसापासून लपाखी दगड घासत होती. उद्या मेरोएत सिंहदेवाच्या देवळापुढे धनुर्धरांची हजेरी. अंगठ्यात अंगठी नसेल त्याने रांगेत उभं राहायचं नाही, गाढवं हाकायची. दुसऱ्याची चालत नाही.

अंगठी सांध्यावर अडली.

"माप कुठलं घेतलंस?"

"लग्नातलं. माझा हात धरला होतास ना, तेव्हाचं."

"तेव्हा मी बकऱ्या राखत होतो, लपाखी!"

"मला काय ठाऊक, दोरी ओढून अंगठे फुगतात ते."

तिळाचं तेल लावलं तर जाईल. पण निघेल का? अंगठी घालून कुणी घरात पाऊल टाकत नाही. टाकलं तर लढाई आत येते. ती बाहेरच्या कोनाड्यात ठेवायची, मग माणूस घरचा.

दारातून त्याची चटई दिसत होती. सबंध मोहिमेत तो मनातल्या मनात तिच्यावरच झोपला होता.

"आण तेल," तो म्हणाला.

रांगेत

बाण. लागला.

बाण. लागला.

शेजारचा तबिये कुजबुजला, "गाढवं रडतायत रे, तू आला नाहीस म्हणून."

बाण. हसता हसता सुटला, तरी लागला.

पुन्हा उंबऱ्यावर

तेल. चरबी. थुंकी. नदीचं पाणी. तबियेचे दोन्ही हात आणि एक पाय.

नाही निघाली.

"फोड," लपाखी म्हणाली आणि स्वतःच धोंडा आणून दिला. धोंडा देताना तिची बोटं त्याला दिसली. टोकं झिजून गुळगुळीत झालेली, अंगठीसारखीच.

त्याने धोंडा खाली ठेवला.

"नाही फोडत."

"मग बस बाहेर."

तो बसला. ती आत गेली. आत भांडी आदळली. चिडली, त्याला वाटलं.

आधी चटई बाहेर आली. मग ज्वारीच्या दारूचा माठ. मग चुलीचे दगड, एकेक करून. शेवटी लपाखी, दुसरी चटई काखेत मारून.

बाहेर

"घर सोडलंत, की घरानं सोडलं?" तबिये येता-जाता विचारायचा.

"घर आत आहे, आम्ही बाहेर आहोत. तुला प्यायची आहे की नुसतं विचारायचंय?" लपाखी म्हणायची. तबिये बसायचाच.

पूर ओसरला. लढाई नव्हती, अंगठ्याची सूज उतरत गेली. एका सकाळी नतेमखर बकरीची धार काढत असताना अंगठी आपसूक सुटली आणि भांड्यात टणकन वाजली.

त्याने इकडंतिकडं पाहिलं. दुधातून काढली, पुसली आणि परत अंगठ्यात सारली.

लपाखी चुलीपाशी पाठमोरी बसली होती.

"थंडी पडली की निघेल ती," भाकरी उलटता उलटता ती म्हणाली. "त्याआधी नको."