छकुलीचं चालू-बंद

छकुली पाच वर्षांची झाली, तरी बापाची चक्की तिनं कधी जवळून पाहिली नव्हती. बीबी गावात, बाजाराच्या रस्त्याला तिच्या बापाची, भागवतची पिठाची चक्की. सकाळी नऊला मोटर सुरू झाली की आवाज पार चौकापर्यंत जायचा. त्या रस्त्यानं नेलं की छकुली कानांवर हात दाबून मधातच बसायची आणि अशी किंचाळायची, की सायकलवाले उतरून बघायचे. म्हणून वंदना, तिची आई, तिला मागच्या बोळीनं फिरवून न्यायची. पोरगी बोलत नव्हती. हाक मारली तर मान वळवत नव्हती. काही हवं असलं तर रडायची. काय हवं, ते आईबापानं ओळखायचं. भागवत संध्याकाळी पिठानं माखून घरी आला, की ती भिंतीकडे सरकायची. ते त्याला फार लागायचं, पण त्यानं कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं.

चार महिन्यांपूर्वी महामाया मॅडमचा पत्ता लागला. त्या दर गुरुवारी बुलढाण्याहून यायच्या आणि शाळेच्या एका खोलीत अशा मुलांसोबत आवाजांचे खेळ खेळायच्या. मोठे मऊ हेडफोन, त्यात खास तयार केलेलं संगीत, जोडीला झोका आणि ढोलकी. पहिल्या दिवशी छकुलीनं हेडफोन भिरकावला. दुसऱ्या गुरुवारीही. तिसऱ्या महिन्यात ती तोच हेडफोन घालून वीस मिनिटं झोक्यावर बसू लागली. "यानं ती बोलेलच, असं मी म्हणणार नाही," मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं. "पण तिचं जगणं थोडं सोपं होईल, एवढं बघू."

एका गुरुवारी वंदनाला ताप होता, म्हणून भागवत छकुलीला घेऊन गेला. मॅडम ढोलकी घेऊन बसल्या. छकुलीनं हात टेकवला की त्या वाजवायच्या, हात उचलला की थांबायच्या. हात टेकव, उचल, टेकव, उचल. मग पोरीनं चक्क ढोलकीला गाल लावला.

भागवत बघतच राहिला. "मॅडम, हिले तर आवाज सहनच होत नाही. मंग हे कसं?"

"अचानक अंगावर येणारा आवाज सहन होत नाही. इथं तो कधी सुरू व्हायचा, कधी थांबायचा, ते तिच्या हातात आहे."

भागवत ताडकन उठला. "मॅडम! माह्या चक्कीले बटन आहे ना! हिरवं दाबलं की चालू, लाल दाबलं की बंद!"

मॅडम हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "उद्याच नेऊ नका, भागवतभाऊ. आधी लांबून, हळू. आणि तिनं नको असं दाखवलं, की तिथंच थांबायचं. ओढायचं नाही."

"हाव, हाव!" म्हणत तो निघाला, पण त्याचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. त्याच दिवशी त्यानं मोबाईलमध्ये चक्कीचा आवाज भरून घेतला. घरी तो अगदी बारीक करून लावायचा, बंद करायचा. चौथ्या दिवशी छकुली मोबाईलजवळ येऊन बसली. मोटर बंद झाल्यावर दळणाची दगडी पाटं सावकाश थांबतात, तेव्हा येणारा तो उतरता आवाज तिला आवडत होता. तिथं आलं की ती डोळे मिटायची.

"अवो, हे आयकून तर ती हसून राह्यली," वंदना म्हणाली.

मग रोज थोडं थोडं. आधी चौकातून, मग समोरच्या कापडदुकानाच्या पायरीवरून. दोनदा ती रडली आणि दोन्ही वेळा वंदना तिला तसंच माघारी घेऊन गेली.

पंधरवडा उलटला. मंगळवारी अकराला लाईन, म्हणजे वीज, गेली. चक्कीत सात-आठ बाया डबे घेऊन ताटकळत होत्या. आणि भागवतनं मान वर केली, तर दारात छकुली! कानाला मॅडमनी दिलेला हेडफोन, वंदनाचं बोट धरलेलं. चक्की गप्प होती म्हणून ती आपल्या पायानं आत आली. पाटांना हात लावून पाहिला. पोत्याला नाक लावलं.

तेवढ्यात वरचा दिवा लागला. लाईन आली!

"भागवत, चालू कर ना रे," मागून कुणीतरी ओरडलं.

"कोनी बोलू नका!" भागवतनं हात वर केला. आवाज कमी यावा म्हणून त्यानं पाटं सैल केली, पोरीला कडेवर घेतलं आणि स्टार्टरसमोर उभा राहिला. आज तिनं अंग काढून घेतलं नाही. "छकुले, हे पाह्य. हे चालू." तिचा तळवा आपल्या हातावर ठेवून त्यानं हिरवं बटण दाबलं. मोटर घरघरली. पोरगी ताठ झाली, तोंड रडवेलं झालं. त्यानं लगेच लाल दाबलं.

हूंऽऽऽ… करत आवाज खाली खाली उतरत गेला आणि थांबला.

छकुलीनं श्वास सोडला. मग तिनं बापाच्या तोंडाकडे पाहिलं. सरळ डोळ्यांत. त्याचा अंगठा मुठीत धरला आणि हिरव्या बटणावर नेऊन टेकवला.

"आवाज मागून राह्यली!" वंदना ओरडली. "अवो, ती मागून राह्यली!"

भागवतनं दाबलं. चालू. बंद. हूंऽऽऽ… आणि त्या आवाजाच्या मागोमाग पोरीचाच गळा, बारीक, उतरता: हूंऽऽऽ. बाया टाळ्या वाजवणार होत्या. वंदनानं हातानंच त्यांना थांबवलं. एरवी कुणी मोटर दोनदा चालू-बंद केली तर भागवत "मोटर जाळता का बे" म्हणून भांडायचा. आज त्यानं नऊ वेळा केली.

"झुंबरबाई, तुमची ज्वारी…" त्याला भान आलं.

"ज्वारीले काय धाड भरली?" पुढच्या डब्याची म्हातारी झुंबरबाई पदरानं डोळे पुसत होती. "पोरीचं दळन पहिले होऊ दे."

छकुली मग थकली आणि दाराकडे हात करू लागली. वंदना तिला लगेच घरी घेऊन गेली. ज्वारी दळायला घेण्याआधी भागवतनं बाहेर येऊन मॅडमना फोन लावला. सगळं एका दमात सांगून टाकलं.

 मॅडम म्हणाल्या, "तुमच्या डोळ्यांत बघितलं तिनं? आणि मग बोट धरलं?"

"बोट नाही, अंगठा!"

"थांबा, मी वही घेते," त्या म्हणाल्या. त्यांचाही आवाज आनंदानं चढला होता. "आता सावकाश, पहिल्यापासून सांगा."

भागवत पायरीवर बसला आणि लाईन गेल्यापासून सांगू लागला.