खंड्या येईपर्यंत

ताईंनी शुक्रवारी नवऱ्याला न विचारता 'हो' सांगून टाकलं, आणि तेव्हापासून त्यांच्या जिवाला चैन म्हणून नव्हतं. दुसऱ्या गावात रक्त तपासायची नवी लॅब निघत होती आणि तिची प्रमुख म्हणून त्यांना बोलावलं होतं. गाव रात्रभराच्या प्रवासावर. सोमवारी ताईंच्या सध्याच्या लॅबमध्ये बातमी फुटणार, संध्याकाळपर्यंत घरी पोचणार. म्हणजे सांगायचं ते शनिवार-रविवारातच. आता ज्याच्याशी उभा जन्म संसार केला त्या माणसाला एक वाक्य सांगायचं, त्यात घोडं अडावं कशाला? पण अडलं खरं.

अडलं ते कॅमेऱ्यापाशी. बँकेत सगळे ताईंच्या नवऱ्याला साहेब म्हणत, तेच घरातही चिकटलं होतं. तर हे साहेब निवृत्त झाले आणि महिन्याभरात हे खूळ घरात शिरलं. शनिवारी सकाळी ताई चहा घेऊन मागच्या अंगणात गेल्या, तर स्वारी वाळक्या पानांत पालथी पडलेली. समोर गवताच्या काडीवर एक नाकतोडा.

"अहो, जरा बोलायचंय."

"श्श. पाय साफ करतोय तो."

नाकतोड्याचे पाय साफ होईपर्यंत चहा थंडगार. दुपारी चतुराचे फोटो झाले, संध्याकाळी कोळ्याचे. कोळ्याचं जाळं तुटेल म्हणून खोलीची खिडकीसुद्धा उघडायची नाही. जेवताना विषय काढावा, तर साहेब कॅमेऱ्याच्या पडद्यावर नाकतोड्याचा डोळा मोठा करकरून दाखवत बसले. चेहरा इतका खुललेला, की ताईंनी विषय सोडून नुसता भात वाढला.

मग त्यांना रागही आला. साहेबांच्या चार बदल्या झाल्या होत्या. दर वेळी दारात बूट काढता काढता, "बदली झाली, आवराआवर सुरू कर," एवढंच. आणि ताईंनी दर वेळी बसलेली घडी मोडून नव्या गावात पुन्हा पहिल्यापासून नोकरी शोधली. तेव्हा कोणी विचारलं होतं त्यांना? मग आज आपणच का चोरासारखं तोंड लपवत फिरायचं?

रविवारी उजाडता उजाडता साहेब म्हणाले, "तळ्यावर चल ना. नुसती बस माझ्याजवळ." आजवर त्यांनी असं कधी बोलावलं नव्हतं. ताई निघाल्या.

तळ्याकाठी हिरव्या कापडाचा बुटका तंबू. आत दोन स्टुलं, कापडाला एक फट, आणि फटीसमोर पाण्यावर झुकलेली वाळकी फांदी. त्या फांदीवर खंड्या पक्षी येऊन बसतो, म्हणे. तोवर बोलायचं नाही, हलायचं नाही. ताईंच्या पायाला मुंग्या आल्या. त्यांनी चुळबुळ केली, स्टूल करकरलं, साहेबांनी डोळे वटारले. आता सांगते, मग सांगते करत त्यांनी दहादा तोंड उघडलं आणि मिटलं.

"तू आलीस, बरं वाटलं," साहेब कुजबुजले. "दर रविवारी येऊ आपण. थंडीत बदकं येतात इथे. तुझ्यासाठी मी एक उशीवालं स्टूल बघून ठेवलंय."

त्या उशीवाल्या स्टुलाने घात केला. आता गप्प बसलं तर ती या माणसाची शुद्ध फसवणूक होईल, असं त्यांना वाटलं.

आणि नेमका तेव्हाच खंड्या आला. निळाभोर, चोचीत मासा. साहेबांनी कॅमेऱ्याला डोळा लावला, खटखट सुरू झालं.

"मला दुसऱ्या गावी लॅबची प्रमुख केलंय," ताई म्हणाल्या. "मी हो म्हणून बसलेय. तुम्हाला विचारलं नाही. पुढच्या महिन्यात जायचंय."

खटखट चालूच. ताई थांबल्या, वाट पाहिली. दोन दिवस जीव टांगणीला लावून सांगितलं, आणि हा माणूस फोटो काढतोय. त्यांची तळपायाची आग मस्तकात गेली. एवढा कोण लागून गेलाय तो पक्षी, बघू तरी, म्हणून त्या फटीशी वाकल्या.

फांदी रिकामी होती. साहेबांचं बोट मात्र थांबत नव्हतं.

"अहो, खंड्या गेला," ताई हळूच म्हणाल्या.

"माहितीये," साहेब म्हणाले. कॅमेऱ्यावरचा डोळा त्यांनी काढला नाही.